एफपीजीएवर एलव्हीडीएस इनपुट घेताय? १०० ओम आत की बाहेर ते आधी ठरवा

एफपीजीए म्हणजे आतलं लॉजिक आपण प्रोग्राम करतो अशी चिप, आणि एलव्हीडीएस म्हणजे दोन वायरच्या जोडीवरून (पेअरवरून) जाणारा कमी व्होल्टेजचा डिफरेन्शियल सिग्नल. त्याचा ड्रायव्हर साधारण साडेतीन मिलिअँपिअर करंट सोडतो, तो पेअरच्या एका वायरने येतो आणि दुसरीने परत जातो, आणि रिसीव्हरच्या तोंडाशी १०० ओम असला तरच त्याचे ३५० मिलिव्होल्ट होतात. म्हणजे हा रेझिस्टर नुसता रिफ्लेक्शन (टोकावरून सिग्नल परत उसळणं) मारायला नाहीये, सिग्नलची लेव्हलच त्याच्यावर ठरते. एवढं बहुतेकांना माहीत असतं. गोची पुढे आहे, चिपच्या आतलं टर्मिनेशन (म्हणजे आतलाच १०० ओम) वापरायचं की बाहेर रेझिस्टर सोल्डर करायचा, आणि लोक हे बोर्ड बनून आल्यावर ठरवायला बसतात!

तर सगळ्यात आधी ती पेअर ज्या बँकेत (पिनांच्या गटात) जाणार तिचा व्हीसीसीओ (त्या गटाचं सप्लाय व्होल्टेज) बघा. झायलिंक्सच्या सेव्हन सिरीजमध्ये दोन प्रकारच्या बँका असतात, एचआर (हाय रेंज) आणि एचपी (हाय परफॉर्मन्स). एचआरमध्ये स्टँडर्ड एलव्हीडीएस_२५ लावायचं आणि आतलं टर्मिनेशन हवं असेल तर व्हीसीसीओ २.५ व्होल्टच पाहिजे. एचपीमध्ये स्टँडर्डचं नाव नुसतं एलव्हीडीएस आणि व्होल्टेज १.८. याच सिरीजमधल्या आर्टिक्स-७ मध्ये एचपी बँकच नाहीये, त्यामुळे तिथे २.५ चा हिशोब.

आता बँक ३.३ वर असेल तर? इनपुट तरीही घेता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आउटपुट नाही देता येत, पण इनपुट चालतो, अट एवढीच की डिफ टर्म (आतल्या टर्मिनेशनची सेटिंग) बंद ठेवायचा आणि बाहेर १०० ओम लावायचा. आर्टिक्स-७ वाला आर्टी ए७ बोर्ड घ्या, पीमॉड कनेक्टरच्या बँका ३.३ व्होल्टवर आहेत, म्हणून आतलं टर्मिनेशन विसरा आणि अडॅप्टर बोर्डवर रेझिस्टर बसवा. आणि हो, जेबी किंवा जेसी हेच पीमॉड वापरा, कारण जेए आणि जेडीच्या प्रत्येक लाइनमध्ये २०० ओम सिरीजला आहे, डिफरेन्शियल सिग्नलसाठी त्यांच्या नादी लागू नका.

दुसऱ्या कंपन्यांचं थोडक्यात. लॅटिसच्या आइस४० एचएक्समध्ये आतलं टर्मिनेशन नाहीच, बाहेर १०० ओम लागणारच, आणि डिफरेन्शियल इनपुट फक्त बँक ३ मध्ये मिळतो. ईसीपी५ मध्ये डाव्या-उजव्या बँकांना आतून १०० ओम आहे. अल्टेराकडे (मधली काही वर्षं इंटेल) सायक्लोन ४ आणि मॅक्स १० ला बाहेरून लावावा लागतो, सायक्लोन ५ मध्ये आत मिळतो, त्यांच्या क्वार्टस टूलच्या असाइनमेंट एडिटरमध्ये इनपुट टर्मिनेशनला डिफरेन्शियल निवडलं की झालं.

झायलिंक्सच्या व्हिवाडो टूलमध्ये एक्सडीसी (पिनांच्या सेटिंगच्या) फाइलीत त्या पोर्टला डिफ टर्म ट्रू करा, किंवा आयबफडीएस (डिफरेन्शियल इनपुट बफर) इन्स्टँशिएट करताना तिथेच द्या. मी एक्सडीसीमध्येच ठेवतो, कारण बोर्ड बदलला की आरटीएल (डिझाइनचा कोड) उघडावं लागत नाही. सेव्हननंतरच्या अल्ट्रास्केल सिरीजमध्ये नाव बदललंय, डिफ टर्म ॲडव्ह, आणि व्हॅल्यू ट्रू नाही तर टर्म १००. इम्प्लिमेंटेशन झाल्यावर आयओ रिपोर्टमध्ये त्या पिनसमोर टर्मिनेशन खरंच लागलंय का ते डोळ्याने बघा. बँक व्होल्टेज कॉन्फ्लिक्टची एरर आली तर ती गप्प करायच्या मागे लागू नका, ती बरोबरच सांगत असते.

बाहेर लावायचा असेल तर जागा महत्त्वाची. ट्रेस पेअर येऊन रेझिस्टरला भिडली पाहिजे आणि तिथून पिन अगदी जवळ, कारण उरलेला तुकडा स्टब (लटकती फांदी) होतो. एफआर४ बोर्डावर सिग्नल एका नॅनोसेकंदात अंदाजे १५ सेंटिमीटर जातो, एज (लेव्हल बदलतानाचा चढ-उतार) ०.४ नॅनोसेकंदाची असेल तर ती ६ सेंटिमीटरमध्ये पसरलेली असते, त्याच्या दहाव्या भागात म्हणजे ५-६ मिलिमीटरमध्ये आटपायचं. बीजीए (खालच्या बाजूला बॉल असलेली चिप) असेल तर मागच्या बाजूला व्हायांच्या (आरपार भोकांच्या) मधे ०४०२ साइझचा रेझिस्टर बसतो. १ टक्क्याचा घ्या. एकच पेअर दोन-तीन रिसीव्हरना जात असेल तर टर्मिनेशन फक्त शेवटच्या रिसीव्हरला, मधल्यांना अजिबात नाही.

आता तपासायचं कसं. पॉवर बंद करून मल्टीमीटर लावला तर फक्त बाहेरचा रेझिस्टर दिसेल, आतला नाही, कारण तो बिटस्ट्रीम (चिपची कॉन्फिगरेशन फाइल) लोड झाल्यावरच जोडला जातो. त्यापेक्षा बोर्ड चालू करा, ड्रायव्हर एका लेव्हलवर स्थिर धरा आणि पेअरच्या पी-एन (प्लस-मायनस) पिनांमध्ये डीसी व्होल्टेज मोजा. ३५० च्या आसपास आलं तर ठीक. बरंच जास्त आलं तर टर्मिनेशन लागलेलंच नाही. १७५ च्या आसपास आलं तर आतला आणि बाहेरचा दोन्ही लागलेत, १०० ला १०० पॅरलल म्हणजे ५० ओम. हा शेवटचा प्रकार फार छळतो, कारण रिसीव्हरला १०० मिलिव्होल्ट पुरतात म्हणून टेबलावर सगळं मस्त चालतं, आणि मग लांब केबल लावली की बिट एरर सुरू.

क्लॉक चिपचा आउटपुट एलव्हीपीईसीएल (जास्त स्विंगचं दुसरं डिफरेन्शियल स्टँडर्ड) असेल तर प्रकरण वेगळं. ३.३ व्होल्टवाल्या ड्रायव्हरला त्याच्या बाजूला प्रत्येक लाइनवर ग्राउंडला १५० ओमच्या आसपास द्यावा लागतो, मग सिरीजला १०० नॅनोफॅरॅडचे कपॅसिटर. त्यात स्विंग ८०० मिलिव्होल्टपर्यंत जातो आणि सेव्हन सिरीजच्या एलव्हीडीएस_२५ इनपुटची मर्यादा ६०० आहे, म्हणून कमी करावा लागतो. दोन्ही लाइनमध्ये २०-२० ओम सिरीजला आणि पिनांपाशी आडवा ६० ओम लावा, पेअरला एकूण १०० च दिसतो आणि पिनवर ४८० येतात, मात्र डिफ टर्म बंद पाहिजे. कपॅसिटरनंतर डीसी लेव्हल उरत नाही, म्हणून डिव्हायडरने १.२ व्होल्ट तयार करून १० के ते १०० के मधून दोन्ही लाइनना बायस द्या.

एचडीएमआय इनपुटला मात्र यातलं काहीच लावू नका. तिथे टीएमडीएस_३३ हे स्टँडर्ड असतं, आडवा १०० ओम नाही, प्रत्येक लाइनवरून ३.३ व्होल्टला ५० ओमचा पुलअप.

राहता राहिलं पी आणि एन उलट जोडलं जाणं. डेटा लाइन असेल तर बोर्डाला हात लावू नका, टर्मिनेशनला दिशा नसते, आयबफडीएसच्या पुढे आरटीएलमध्ये तो बिट इन्व्हर्ट करा.