एका पेटीत दोन साप? या चुका टाळा

दुसरा साप घ्यायचा विचार सुरू झाला की मुंबईच्या घरात पहिला अडथळा येतो तो जागेचा. वन बीएचकेमध्ये एका पेटीसाठी टीव्हीशेजारचा कोपरा कसाबसा मिळालेला असतो. मग ‘आहे ती पेटी मोठी आहे, राहतील दोघं’ असं ठरतं. वर दुकानदार सांगतो, ‘जोडीच घ्या, एकटा कंटाळतो.’ माझं मत आधीच सांगतो: दुसऱ्या पेटीला जागा नसेल, तर दुसऱ्या सापालाही घरात जागा नाही.

इथे बोलतोय ते बॉल पायथन, कॉर्न स्नेक, किंगस्नेक अशा परदेशी जातींबद्दल. धामण, दिवड, मांडूळ, अजगर यांतला कुठलाही आपल्याकडचा साप घरात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. तो एका पेटीत ठेवला की दोन, हा प्रश्नच येत नाही.

‘एकटा पडलाय बिचारा’

ही सगळ्यात गोड चूक. घरातली वडीलधारी माणसं हमखास असं म्हणतात, कारण नाग-नागिणीची जोडी आपल्या डोक्यात घट्ट बसलेली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मोबाइलवर फिरणारा, दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्याचा व्हिडिओ आठवा. लोक त्याला प्रणय समजतात, कोणी हात जोडतं. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा दोन नरांची झुंज असते. कुठलाही सर्पमित्र हे सांगेल. पाळले जाणारे बहुतेक साप एकटे राहणारे आहेत. सोबत नाही म्हणून ते झुरत नाहीत.

अपवाद आहेत. उत्तर अमेरिकेतले गार्टर साप थंडीत एकाच बिळात मोठ्या संख्येने राहतात, आणि २०२० साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की ठरावीक सोबत्यांजवळ राहणं ते पसंत करतात. पण हा दाखला घेऊन बॉल पायथनची जोडी जमवायची नाही. आणि किंगस्नेक? तो इतर साप खातो. त्याच्या पेटीत कॉर्न स्नेक सोडणं म्हणजे ताट वाढणं.

मिठी मारून बसलेत, म्हणजे खूश आहेत

या गैरसमजाचे फोटो सर्वाधिक दिसतात. नीट निरखून पाहा. दोन बॉल पायथन एकाच लपण्याच्या जागेत आहेत, एक दुसऱ्यावर. खालचा अगदी हीट मॅटवर (तळाला ऊब देणारी विजेवरची चटई), वरच्याचं निम्मं अंग बाहेर. पेटीत उबदार आणि अंधारी जागा एकच, दोघांनाही तीच हवी, आणि दबणारा हटत नाही एवढंच. साप कुत्र्यासारखा सोबत्यावर गुरगुरत नाही, सहसा त्याला चावतही नाही. त्याची तक्रार दिसते ती कमी खाण्यात, सतत लपून राहण्यात, नाहीतर रात्रभर काचेला नाक घासत फिरण्यात.

मुंबईत तर भांडण उलट दिशेनेही होतं. बॉल पायथनला गरम बाजूला साधारण ३१-३२ आणि थंड बाजूला २५-२६ अंश लागतात. मे महिन्यात आपली खोलीच ३३ ला जाते, म्हणजे हीटरपेक्षा थंड कोपऱ्याची किंमत जास्त, आणि तो पुन्हा एकालाच मिळतो. जुलैत हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो तेव्हा कॉर्न स्नेकला कोरडा कोपरा हवा असतो, नाहीतर पोटाचे खवले खराब व्हायला लागतात. बॉल पायथनला मात्र ५५ ते ७० टक्के ओलावा लागतो. दोन जाती एका पेटीत ठेवल्या की एकाचं नुकसान ठरलेलंच.

खायला घालताना

दोन कॉर्न स्नेक, एक उंदीर. एकाने डोक्याकडून धरला, दुसऱ्याने शेपटीकडून. दोघंही गिळत पुढे येतात, मधे तोंडं भेटतात आणि मोठा थांबत नाही. असं झालंच तर ओढू नका. सापाचे दात आत वळलेले असतात, ओढाताणीत जबडा फाटतो. दोघांच्या डोक्यांवर थंड पाण्याची धार धरा. बहुधा पकड सुटते. नंतर तोंडात जखम दिसली तर थेट पशुवैद्याकडे. साप तपासणारे डॉक्टर मुंबईतही शोधावे लागतात, त्यामुळे नंबर आधीच मिळवून ठेवलेला बरा.

‘वेगवेगळ्या डब्यांत खाऊ घालून परत एकत्र सोडतो’ हा तोडगाही अर्धवटच. खाल्ल्यावर तोंडाला उंदराचा वास असतो, दुसरा त्या वासावर झेपावू शकतो. शिवाय पोट भरलेल्या सापाला उचललं की तो ओकण्याची शक्यता वाढते. खाल्ल्यानंतर ४८ तास हात लावायचा नाही.

कोण आजारी, हेच कळत नाही

पेटीत ओकलेला उंदीर सापडला. कोणाचा? आठ दिवस विष्ठा नाही, की एकाची आहे आणि दुसऱ्याची नाही? एक पेटी, एक साप, एक वही: खाणं, कात, विष्ठा, आणि महिन्यातून एकदा किचनच्या काट्यावर वजन. बॉल पायथन एरवीही काही आठवडे, कधी काही महिने खात नाही. घाबरायचं वजन उतरलं तर. दोघं एकत्र असतील तर ही नोंद निम्मी अंदाजाचीच राहते.

नवा साप आला की किमान ६० दिवस, जमलं तर ९०, वेगळ्या खोलीत ठेवा. पाण्याच्या वाटीत काळे ठिपके तरंगताना दिसले किंवा साप सारखा पाण्यात बसू लागला तर माइट्सचा, म्हणजे रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांचा, संशय घ्या. क्रिप्टोस्पोरिडियम (पोटातला परजीवी) आणि अजगर-बोआंमधला आयबीडी (विषाणूमुळे होणारा आजार) यांच्यावर खात्रीचा उपचार नाही, म्हणून हे दोन महिने टाळू नका. नव्या सापाचं काम नेहमी शेवटी करा, चिमटे वेगळे ठेवा, हात धुवा. खोली एकच असेल तर पेटी माळ्यावर सरकवू नका. उन्हाळ्यात छताखाली भट्टी होते.

मग जागेचं काय?

सुताराकडून मधे प्लायची फळी मारून घेणं हा खास मुंबईचा उपाय, आणि तो वाईट आहे. एका बाजूला सगळी ऊब, दुसरीकडे काही नाही, आणि फटीतून जाण्यात साप आपल्यापेक्षा हुशार. वरती जा. चार बाय दोन फुटांच्या दोन पेट्या मजबूत रॅकवर एकावर एक ठेवल्या तर जमिनीवरची जागा तेवढीच लागते. खालच्या पेटीची उष्णता वरच्या पेटीच्या तळाला लागते, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र थर्मोस्टॅट हवाच. पिल्लांना छोटे, क्लिपवाले प्लास्टिकचे डबे चालतात. झाकणाची क्लिप मात्र रोज तपासा.

आधीच एकत्र असलेले साप वेगळे करताना, नीट खाणाऱ्याला नव्या पेटीत हलवा. तो लवकर रुळतो. दबलेल्याला ओळखीच्या जागेत राहू द्या आणि आठवडाभर कोणालाच हाताळू नका.

‘दोन्ही माद्या आहेत’ या दुकानदाराच्या शब्दावरही विसंबू नका. पिल्लाचं लिंग ओळखण्यात चुका होतात, आणि पुरती न वाढलेली मादी गाभण राहिली तर अंडी अडकून जीवावर बेततं. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे. अशा प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली किंवा साप दुसऱ्याला दिला तरी कळवावं लागतं.

दुसरा साप झेपत नसेल तर आरे किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये सोडून येऊ नका. इथल्या जंगलात परका साप सोडणं बेकायदेशीर आहे, आणि त्याच्याबरोबर त्याचे आजारही तिथल्या सापांपर्यंत जातात. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर विचारा.