ठसठशीत प्रिंटचा, अंगाबरोबर बसणारा वसंतातला कोट शिवताना या चुका टाळा

कोट शिवून झाला, बटणं लागली, शेवटची इस्त्रीही झाली. आरशासमोर उभी राहिले तर छातीच्या उजव्या बाजूला अख्खं लाल फूल, टक्सच्या (कापड चिमटून आकार देणाऱ्या शिवणीच्या) टोकावर नेमकं बसलेलं, आणि डाव्या बाजूला त्याच उंचीवर नुसती पांढरी जमीन, म्हणजे फुलांमागचा मोकळा रंग. शिवण कुठेही वाकडी नव्हती, अस्तर छान पडलं होतं. तरी नजर त्या एका फुलावरून हलेना, आणि उसवून सुधारण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. कापड दुहेरी घालून मी एकदमच कापलं होतं, तिथेच सगळं ठरून गेलं होतं.

मोठ्या प्रिंटच्या कोटात बहुतेक चुका मशीनवर बसण्याआधीच होतात. साध्या कापडात कंबर सैल वाटली तर शिवण आत घेता येते. इथे शिवण आत घेतली की फूल तुटतं. त्यामुळे आधी फिटिंग पक्कं, मग प्रिंटची जागा पक्की आणि त्यानंतर कात्री, हा क्रम मोडू नका. पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी तो मोडल्यामुळेच येतात.

कापड घेताना होणारी घाई

पॅटर्नवर, म्हणजे कोट कापायच्या कागदी नमुन्यावर, तीन मीटर लिहिलंय म्हणून तीनच मीटर घेणं, ही पहिली चूक. तो आकडा साध्या कापडाचा असतो. मोठ्या प्रिंटमध्ये एक नक्षी संपून तीच पुन्हा सुरू होईपर्यंतचं उभं अंतर मोजायचं. ते ६० सेंमी असेल तर पाठ, पुढचा भाग आणि बाही यांपैकी प्रत्येकाला हवी ती नक्षी हव्या त्या उंचीवर मिळवताना जास्तीत जास्त ६० सेंमी कापड वाया जाऊ शकतं. तिन्हींचं मिळून १८० सेंमी झालं. कॉलर आणि पट्ट्या त्या उरलेल्या तुकड्यांतून निघतात, म्हणून ते अगदीच फुकट जात नाही. पण ऐन वेळी अर्धा मीटर कमी पडण्यापेक्षा हे परवडतं.

नक्षीला वर-खाली आहे का, तेही तिथेच बघून घ्या. सगळ्या देठांची तोंडं एकाच दिशेला असतील तर कोटाचा एकही भाग उलटा ठेवून कापता येणार नाही, म्हणजे कापड आणखी लागणार.

कापडावर प्रिंट सरळ छापलेलं आहे का, हे फार थोडे लोक तपासतात. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एक आडवा धागा ओढून काढा. त्याची बारीक रेघ उमटते. मग पाहा, या काठाजवळचं फूल आणि त्या काठाजवळचं त्याच ओळीतलं फूल त्या रेघेपासून सारख्याच अंतरावर आहेत का. पन्ह्याभरात एखाद्या सेंटीमीटरचा फरक असला तर प्रिंटला धरून बेतलं तरी चालतं. फरक ३-४ सेंमीचा असेल तर ते कापड या कोटासाठी घेऊ नका. धागा धरून कापलं तर फुलांच्या ओळी तिरक्या दिसतात आणि फुलं धरून कापलं तर कोट अंगावर पिळतो. यावर शिवणकामात उपाय नाही.

घरी आणल्यावर कापड जसं पुढे धुणार तसंच एकदा धुऊन घ्या. सुती कापड ५ टक्के आटलं तरी तीन मीटरांत १५ सेंमी जातात, आणि अंगाबरोबरच्या कोटात तेवढी सूट कुठेच नसते. धुण्याआधी पांढरा ओला फडका गडद रंगावर घासून पाहा. रंग लागला तर ते कापड फिकट जमिनीच्या कोटाला धोक्याचं आहे, कारण पहिल्याच पावसात लाल रंग पांढऱ्यावर उतरेल.

मांजरपाटाची पायरी गाळणं

कोट आधी मांजरपाटावर शिवून बघायचा कंटाळा येतो, हे मला माहीत आहे. पण ठसठशीत प्रिंट चुणी लपवतं. पाठीवर आडवी ओढ पडलेली असते, बगलेतून छातीकडे तिरकी घडी गेलेली असते, आणि रंगांच्या गर्दीत आरशात त्यातलं काही दिसत नाही. कोट घालून दोन तास झाले की खांदे भरून येतात, तेव्हा कळतं. साध्या मांजरपाटावर तीच ओढ लगेच नजरेत भरते.

मांजरपाटाचा कोट ज्या कपड्यांवर घालायचा त्या कपड्यांवरच चढवून बघा. छातीत अंगाच्या मापापेक्षा साधारण १० सेंमी जास्त लागतात. ब्लाउजच्या किंवा ड्रेसच्या सवयीने ५ ठेवले तर आतल्या कुर्त्याच्या बाह्या गोळा होतील. मग दोन्ही हात पुढे घेऊन स्वतःलाच मिठी मारा. पाठीत ताणलं तर पाठीची रुंदी वाढवा.

इथे एक चूक इतकी सर्रास होते की थांबून सांगते. हात वर जात नाही म्हणून मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ते कोटाचं भोक, खोल कापला जातो. त्याने उलटं होतं. मुंढा जितका खाली, तितकी बाही कोटाच्या कुशीला (बगलेखालच्या बाजूला) खाली बांधली जाते, आणि हात उचलला की अख्खा कोट वर चढतो. मुंढा बगलेच्या जवळ, उंच ठेवा आणि बाहीच्या दंडाचा घेर वाढवा. हात मोकळा होईल आणि कोट जागेवर राहील.

फिटिंग झालं की त्याच मांजरपाटावर मार्करने फुलांचे गोल काढा, खऱ्या मापाचे. अंगावर घालून लांबून फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून पाहा. रंग गेले की गडद डाग कुठे पडतायत ते स्पष्ट दिसतं: छातीवर, पोटावर की खांद्यावर. पुढच्या सगळ्या बेतणीचा हाच नकाशा.

बेतणीतल्या चुका

पहिला नियम, कापड दुहेरी घालायचं नाही. सुलट बाजू वर करून एकेरी पसरा आणि प्रत्येक भाग वेगळा कापा. त्यासाठी पाठीचा पूर्ण पॅटर्न, डावा पुढा, उजवा पुढा, डावी बाही, उजवी बाही असे सगळे कागद स्वतंत्र बनवा आणि त्यांवर ‘डावा’, ‘उजवा’ असं ठळक लिहा. हे लिहायचं राहिलं तर एका हाताच्या दोन बाह्या कापल्या जातात. पातळ, आरपार दिसणारा कागद घेतलात तर खालचं फूल कागदावर गिरवता येतं, आणि पुढचा भाग जुळवताना तेच कामी येतं.

पाठीच्या मधल्या शिवणीचा विचार सगळ्यात आधी करा. अंगाबरोबरच्या कोटात ही शिवण कमरेत दोन्ही बाजूंनी दीड-दीड सेंटीमीटर आत वळते. फूल त्या शिवणीवर ठेवलं तर वर आणि खाली ते जुळेल, पण कमरेत त्याच्या मधोमध ३ सेंमीची पट्टी नाहीशी होईल आणि फूल चिमटीत धरल्यासारखं दिसेल. यातून दोन वाटा आहेत. पाठ अखंड ठेवून तेवढं माप पाठीच्या टक्समध्ये वाटून द्यायचं, किंवा शिवण दोन फुलांच्या मधल्या रिकाम्या जागेतून न्यायची. मला पहिली वाट आवडते, कारण पाठ ही मोठ्या प्रिंटला मिळणारी सगळ्यात मोठी मोकळी जागा आहे आणि ती कापून टाकायला माझं मन होत नाही.

याच कारणाने प्रिन्सेस कट, म्हणजे टक्सऐवजी वरपासून खालपर्यंत जाणारी वळणदार शिवण, टाळलेला बरा. त्यातल्या दोन्ही कडांची वळणं वेगवेगळी असतात. एक कड बाहेर फुगलेली, दुसरी आत वळलेली. त्यामुळे प्रिंट एखाद-दुसऱ्या जागीच जुळतं, सगळीकडे जुळवणं शक्यच नसतं. प्रिंट जितकं मोठं, तितके भाग कमी असावेत. सोपे टक्स घ्या. खिशांवर टॉपस्टिच (वरून दिसणारी शिलाई) किंवा पाठीवर जोडपट्टी घालण्यात मेहनत घालवू नका, प्रिंटमध्ये ती दिसतच नाहीत.

पुढचे दोन भाग जुळवताना बहुतेक जण कापलेल्या कडा जुळवतात. तिथे जुळवून उपयोग नाही. बटणं लावल्यावर उजवा पुढा डाव्यावर चढतो, म्हणून नक्षी मधल्या रेषेवर, म्हणजे बटणं बसतात त्या मध्यरेषेवर, जुळली पाहिजे. मी असं करते. उजवा पुढा आधी कापते. त्याची पुढची कड, कोट तयार झाल्यावर जिथे येणार तिथे, आत दुमडून इस्त्री करते. मग तो तुकडा न कापलेल्या कापडावर, सुलट बाजू वर ठेवून, सरकवत राहते. पाकळीला पाकळी आणि देठाला देठ लागला की हात थांबतो, आणि दोन पावलं मागे गेल्यावर दुमडलेली कड दिसेनाशी होते. मग उजव्या पुढ्याच्या मधल्या रेषेवरून वर, मध्ये आणि खाली सरळ टाचण्या खुपसते, खालच्या कापडावर तिथे खुणा करते, आणि डाव्या पुढ्याच्या कागदाची मधली रेषा त्या खुणांवर ठेवते. या एका कामाला मला अर्धा तास लागतो आणि मी तो कधीच वाचवत नाही.

कुशीच्या शिवणीत छातीचा टक्स असेल तर कोटाच्या तळापासून टक्सपर्यंतच प्रिंट जुळेल. टक्सच्या वर ते तेवढ्या मापाने सरकणारच, त्यासाठी झगडू नका. बाहीचंही तसंच. पुढच्या मुंढ्यावरच्या खुणेपाशी आणि तिथून खाली जुळवा, कारण समोरून तेच दिसतं. वरच्या गोलाईत आणि मागे ते सुटलं तर सुटू द्या. जिथे जुळू शकतं तिथे चोख जुळवा.

छातीच्या उंचवट्यावर एकेकटं मोठं फूल नको. ते खांद्याकडे चढवा किंवा कमरेच्या वर एका बाजूला घ्या.

खुणा आणि शिवण

अशा कापडावर खडू दिसत नाही, कार्बनची खूणही रंगात हरवते. टक्सची टोकं आणि मधल्या रेषा उठावदार रंगाच्या दोऱ्याने, हातटाक्यांनी खुणवा. कापड सॅटिन विणीचं असेल तर टाचण्यांची भोकं राहतात. तिथे टाचण्या फक्त मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडात, लावा.

नुसत्या टाचण्या लावून शिवलं तर जुळलेलं प्रिंट २-३ मिलीमीटर सरकतंच, कारण मशीनचे दाते खालचा थर ओढतात आणि वरचा मागे राहतो. उपाय जुना आहे आणि खात्रीचा आहे. एका भागाची माया आत दुमडून इस्त्री करा, तो दुसऱ्या भागाच्या शिवणरेषेवर सुलट बाजूने ठेवा, नक्षी जुळवा आणि दुमडीच्या आतून व खालच्या कापडातून आळीपाळीने लहान कच्चे टाके घाला. मग भाग उलटा उघडला की शिवायची रेषा तयार मिळते. त्यावरून २.५ मिमीच्या टाक्याने शिवा. पाठ, कुशी आणि बाहीचा पुढचा भाग एवढ्या ठिकाणी तरी हे टाळू नका.

बाहीला चुण्या का पडतात

लोकरीच्या कोटाचा पॅटर्न तसाच सुती किंवा सॅटिन विणीच्या कापडाला लावला की बाहीच्या गोलाईवर बारीक चुण्या उभ्या राहतात. शिवणाऱ्याला वाटतं आपला हात कच्चा आहे. लोकर वाफेने आक्रसते, म्हणून गोलाईतलं ४ सेंमी जास्तीचं कापड ती सहज जिरवते. घट्ट विणीचं सुती कापड ते जिरवत नाही. त्यामुळे बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा जेमतेम २ सेंमी जास्त राहील एवढी आधीच कागदावर कमी करा. चुण्या आल्यावर बाही तीनदा उसवून काही होत नाही.

फ्युजिंगचे फुगे

धुतल्यावर कोटाच्या पुढ्यावर फोड आल्यासारखे फुगे दिसतात, ते बहुधा फ्युजिंग, म्हणजे आतून इस्त्रीने चिकटवायचं कापड, लावताना इस्त्री सरकवल्यामुळे. इस्त्री ठेवा, १०-१५ सेकंद दाबून धरा, उचला, शेजारी ठेवा. आधी तुकड्यावर करून बघा आणि मध्ये फडका घाला, कारण काही छपाईचा रंग पृष्ठभागावरच बसलेला असतो आणि थेट उष्णतेने चमकतो. खांद्याच्या शिवणीत न ताणणारी पट्टी घाला, नाहीतर कोटाच्या वजनाने खांदा लांबतो.

कॉलरची खालची बाजू वरच्यापेक्षा बाहेरच्या कडांनी ३ मिमी लहान कापा, म्हणजे शिवण खाली वळते आणि टोकं वर उचलत नाहीत. वरच्या कॉलरच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचा, एकाच मापाचा तुकडा येऊ द्या. चेहऱ्याला सगळ्यात जवळचं प्रिंट तेच असतं.

अस्तर आणि बटणं

अस्तर कोटाच्या मापाचंच कापलं तर ते आतून ओढतं आणि बाहेरची सगळी मेहनत वाकडी दिसते. पाठीच्या मध्ये अस्तरात २.५ सेंमीची चुणी ठेवा आणि तळाला थोडं सैल सोडून हेम घाला. फिकट जमिनीच्या कोटाला गडद अस्तर लावण्याआधी दोन्ही कापडं एकत्र उजेडात धरा. आतला रंग बाहेर झिरपत असेल तर अस्तर जमिनीच्याच रंगाचं घ्या.

सगळ्यात वरचं काज नव्हे, छातीच्या सगळ्यात भरल्या जागेवरचं काज आधी ठरवा आणि बाकीची तिथून वर-खाली वाटा. नाहीतर नेमकी तिथेच फट पडते. कापडाची बटणं करणार असाल तर प्रत्येक बटण जिथे बसणार तिथलीच नक्षी शोधून तेवढा गोल कापा. माझ्या शेवटच्या कोटाला पाच बटणं आहेत. बटणं लावून कोट अडकवला की ती कुठे आहेत ते हाताला कळतं, डोळ्याला कळत नाही.