न्यू इंग्लंडच्या वसाहतींवर लिहिताय? या चुका टाळा

परीक्षेत 'न्यू इंग्लंडमधील (म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या) इंग्रज वसाहतींची स्थापना व विकास' असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरं एकाच साच्यातली येतात. इंग्लंडमध्ये धार्मिक छळ झाला, म्हणून प्युरिटन लोक 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेत आले, तिथे त्यांनी धर्मस्वातंत्र्य आणि लोकशाही आणली, आणि मग वसाहती वाढत गेल्या. ऐकायला छान वाटतं, पण यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा दुरुस्त करावा लागतो. हा इतिहास फार गुंतागुंतीचा आणि म्हणूनच फार वाचनीय आहे. त्याला असं चार ओळींत गुंडाळलेलं बघून वाईट वाटतं.

एक सोपी कसोटी हाताशी ठेवा. कोणतीही वसाहत असो, आधी तीन गोष्टी विचारा: इथे आले कोण, कोणत्या कागदाच्या आधारावर आले, आणि जमीन आधी कोणाची होती? या तिन्हींची उत्तरं वसाहतीगणिक बदलतात.

पहिली चूक झटपट निस्तरता येते. १६०७ चं जेम्सटाउन न्यू इंग्लंडमध्ये येत नाही. ते दक्षिणेला, व्हर्जिनियात. तिथला तंबाखू आणि तिथले मळे न्यू इंग्लंडच्या खात्यावर टाकू नका.

पिलग्रिम आणि प्युरिटन यांची सरमिसळ

१६२० मध्ये मेफ्लॉवरवर १०२ प्रवासी होते. त्यातले साधारण निम्मे 'सेपरेटिस्ट', म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नातंच तोडलेले लोक. यांनाच आपण पिलग्रिम म्हणतो. त्यातले बरेच जण आधी हॉलंडमधल्या लायडन शहरात काही वर्षं राहून आले होते. जहाजावरचे बाकीचे लोक पोटापाण्यासाठी निघाले होते, आणि प्रवासाचा पैसा लंडनच्या व्यापाऱ्यांनी घातला होता. ते कर्ज फेडता फेडता १६४८ उजाडलं.

प्युरिटन वेगळे. त्यांना चर्च सोडायचं नव्हतं, सुधारायचं होतं. जॉन विनथ्रॉपच्या नेतृत्वाखाली ते १६३० मध्ये ११ जहाजांतून आले आणि त्यांनी बॉस्टन परिसरात मॅसॅच्युसेट्स बे वसाहत उभी केली. पिलग्रिमांनी वसवलेली प्लिमथ ही त्यांच्या शेजारची छोटी, वेगळी वसाहत होती. १६९१ च्या सनदेने ती मॅसॅच्युसेट्समध्ये विलीन झाली.

मेफ्लॉवर कराराला 'अमेरिकेची पहिली राज्यघटना' म्हणण्याचा मोह होतो. तो आवरा. पिलग्रिमांकडे परवाना होता व्हर्जिनिया कंपनीच्या हद्दीचा, आणि जहाज लागलं त्या हद्दीच्या उत्तरेला, केप कॉडला. मग इथे हुकूम कोणाचा चालणार, असा पेच पडला. त्यावर तोडगा म्हणून, आपण मिळून कारभार चालवू अशा या करारावर ४१ पुरुषांनी सह्या केल्या. करारात राजा जेम्सशी निष्ठा स्पष्ट नोंदवलेली आहे.

सनदेकडे दुर्लक्ष

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण मॅसॅच्युसेट्सचा पुढचा सगळा कारभार या कागदातून निघतो. १६२९ ची सनद ही मुळात एका व्यापारी कंपनीची सनद. गव्हर्नर, त्याचे सहाय्यक आणि 'फ्रीमेन' म्हणजे भागधारक, अशी तिची रचना. पण कंपनीच्या बैठका इंग्लंडमध्येच भरवाव्यात, असं त्या सनदेत कुठे लिहिलेलं नव्हतं. विनथ्रॉप आणि त्याच्या सोबत्यांनी ही जागा हेरली आणि सनद घेऊन समुद्र ओलांडला. भागधारकांची सभा, म्हणजे 'जनरल कोर्ट', तिकडे कायदे करू लागली. कंपनीचंच सरकार झालं.

मात्र १६३१ मध्ये ठरलं की फ्रीमन व्हायचं तर चर्चचं सदस्यत्व हवं. म्हणून 'लोकशाही' हा शब्द वापरताना मताचा हक्क कोणाला होता, हे लगेच पुढे लिहा. धर्मस्वातंत्र्याचंही तसंच. प्युरिटनांना स्वतःच्या पद्धतीने उपासना करायची मोकळीक हवी होती, इतरांना ती द्यायची त्यांची तयारी नव्हती. १६५९ ते १६६१ या काळात बॉस्टनमध्ये क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या चौघांना फाशी दिलं गेलं. मेरी डायर त्यांतलीच एक.

बाकीच्या वसाहती एका ओळीत उरकणं

या वसाहती कशा वाढल्या, हे खरं तर इथेच कळतं. रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाला मॅसॅच्युसेट्सने १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा दिली. राजाला मूळ रहिवाशांची जमीन देण्याचा अधिकार नाही आणि सरकारने श्रद्धेच्या बाबतीत दंड करू नये, ही त्याची मतं अधिकाऱ्यांना झोंबली. त्याने १६३६ मध्ये नॅरागॅन्सेट या मूळ रहिवाशांकडून जमीन घेऊन प्रॉव्हिडन्स वसवलं. धार्मिक मतांमुळे मॅसॅच्युसेट्समध्ये खटला झालेली अ‍ॅन हचिन्सनही नंतर त्याच भागात गेली. त्यातून ऱ्होड आयलंड उभं राहिलं. १६६३ च्या त्याच्या सनदेत श्रद्धेचं स्वातंत्र्य लेखी आहे. सनद देणारा राजा दुसरा चार्ल्स आपल्याला अनोळखी नाही. पाच वर्षांनी मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, तो हाच.

थॉमस हूकर हा प्युरिटन धर्मोपदेशक १६३६ मध्ये शंभरेक माणसं आणि गुरं घेऊन कनेक्टिकट नदीकाठी हार्टफर्डला गेला. त्याला चराऊ जमीनही हवी होती. तिथे मतासाठी चर्चची अट नव्हती. शेजारच्या न्यू हेवन वसाहतीत मात्र ती होती, आणि ज्युरीही नव्हती. न्यू हॅम्पशायरची सुरुवात तर मासे आणि लाकडाच्या धंद्यातून झाली, तेव्हा सगळ्याच वसाहतींना धर्माचं एकच कारण चिकटवू नका.

'ओसाड भूमी'त वसाहत झाली असं लिहिणं

प्लिमथ जिथे वसलं, तिथे आधी वाम्पानोअग या मूळ रहिवाशांचं पटक्सेट नावाचं गाव होतं. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते गाव संपलं. शेतं साफ केलेली होती, माणसं नव्हती. पिलग्रिमांना मका लावायला शिकवणारा टिस्क्वांटम याच गावचा. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून तो लंडनमार्गे १६१९ मध्ये घरी परतला, तर गावात कोणीच उरलं नव्हतं. 'एका इंडियनने मदत केली' एवढंच लिहिलं की हा सगळा माणूस पुसला जातो.

वाढीचं कारण चुकतं

'इंग्लंडमधून सतत लोंढे येत राहिले' हे बरोबर नाही. १६३० ते १६४० या दशकात सुमारे वीस हजार माणसं आली. पुढे इंग्लंडात यादवी पेटली आणि ओघ आटला. तरीही १७०० पर्यंत लोकसंख्या नव्वद हजारांच्या घरात गेली. सुरतेच्या वखारीत इंग्रज व्यापारी एकटे येत आणि परतण्याच्या हिशोबाने राहत. न्यू इंग्लंडला मात्र अख्खी कुटुंबं आली. बायकांची संख्या पुरेशी होती, दक्षिणेपेक्षा हवा निरोगी होती, मुलं जगत होती.

ही वाढ जमिनीवर कशी उतरली ते बघा. जनरल कोर्ट काही कुटुंबांच्या गटाला मिळून गावाची जमीन देई. मध्ये प्रार्थनेचं आणि गावसभेचं घर, भोवती घरांच्या जागा, गुरांसाठी सामायिक कुरण, लांब शेतीचे तुकडे. कुटुंबाचा आकार आणि मान बघून वाटा ठरे. नातवांना जमीन अपुरी पडली की नव्या गावासाठी अर्ज. गावातून गाव फुटत गेलं आणि प्रत्येक नवं गाव मूळ रहिवाशांच्या जमिनीवर सरकलं. १६२१ मध्ये प्लिमथशी तह करणाऱ्या वाम्पानोअग प्रमुख मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७५ मध्ये इंग्रजांविरुद्ध युद्धाला उभा राहिला, त्याची मुळं इथे आहेत. हे युद्ध शेवटी वेगळ्या टिपेत टाकू नका, वाढीच्याच परिच्छेदात घ्या.

दोन पुस्तकांत दोन तारखा

गोंधळू नका. इंग्रजांचं पंचांग तेव्हा दहा दिवस मागे होतं आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून मेफ्लॉवर करार कुठे ११ नोव्हेंबरला दिसतो, कुठे २१ ला. कनेक्टिकटच्या कारभाराचे मूळ नियम, म्हणजे 'फंडामेंटल ऑर्डर्स', १४ जानेवारीचे, त्यांच्या हिशोबाने १६३८ चे, आपल्या हिशोबाने १६३९ चे. दिवस जुन्या पंचांगाचा आणि वर्ष जानेवारीपासून मोजलेलं, असं बहुतेक ग्रंथांत असतं. तेच धरा आणि उत्तरभर तेच ठेवा.