जन्मजात हृदयविकारामुळे निळसर दिसणाऱ्या मुलाच्या मेंदूतील गळू वेळीच कसे ओळखावे

फॅलॉट्स टेट्रालॉजीसारख्या जन्मजात हृदयविकारात अशुद्ध रक्ताचा काही भाग फुप्फुसांच्या गाळणीतून न जाता थेट शरीरात जातो, त्यामुळे एरवी तिथेच अडकणारे जंतू मेंदूपर्यंत पोहोचून गळू तयार करू शकतात. दोन वर्षांखालील मुलांत हे क्वचितच आढळते.

ताप, डोकेदुखी आणि एका बाजूची कमजोरी ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये. पुष्कळदा ताप नसतोच. रोज उजव्या हाताने चमचा धरणारे मूल अचानक डावा हात पुढे करू लागले, सकाळी उलट्या करू लागले, पेंगुळले किंवा त्याला आकडी (फिट) आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि हृदयविकाराची माहिती आधी सांगावी, कारण मेंदूतील दाब वाढलेला असताना मेंदूच्या स्कॅनपूर्वी तपासणीसाठी पाठीच्या कण्यातून पाणी काढणे धोक्याचे ठरते. प्रतिजैविके बहुधा चार ते आठ आठवडे शिरेतून द्यावी लागतात. मोठ्या गळूतील पू शस्त्रक्रियेने काढतात.

तोंडातील जंतू रक्तात जाऊ नयेत म्हणून दात रोज दोनदा घासावेत. दात काढण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ३० ते ६० मिनिटे आधी प्रतिजैविक द्यावे. सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा दिसल्यास परिचारिकेला तत्काळ थांबवावे, कारण जंतूंप्रमाणे तोही फुप्फुसांत न अडकता थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.