लिनक्स सर्व्हरवर पोर्ट उघडताय? आधी हे बघून घ्या

पोर्ट म्हणजे सर्व्हरवरच्या एखाद्या सर्व्हिसपर्यंत पोचायचं नंबर दिलेलं दार. ते उघडायच्या आधी त्या पोर्टवर कोण ऐकतंय, म्हणजे कुठली सर्व्हिस कनेक्शनची वाट बघतेय, ते बघा. 'सुडो एसएस -टीयूएलपीएन' मारलं की यादी येते. त्यात 127.0.0.1:5432 दिसलं तर ती सर्व्हिस फक्त सर्व्हरच्या आतल्या आत ऐकतेय, फायरवॉलमध्ये (कुठल्या पोर्टवर कोणाला येऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी) कितीही भोकं पाडा, बाहेरून लागणार नाही. 0.0.0.0 दिसलं तर मात्र ती सगळ्या इंटरफेसवर (नेटवर्क जोडण्यांवर) ऐकतेय आणि तिच्या आणि जगाच्या मधे फक्त फायरवॉल आहे.

उबुंटूवर फायरवॉल लावायला यूएफडब्ल्यू हे टूल सोपं पडतं. आधी 'यूएफडब्ल्यू डिफॉल्ट डिनाय इनकमिंग', मग 'यूएफडब्ल्यू अलाऊ 22/टीसीपी' (एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर लांबून लॉगिन करायची सोय, दुसऱ्या पोर्टवर असेल तर तो नंबर), आणि त्यानंतरच 'यूएफडब्ल्यू इनेबल'. हा क्रम चुकवून मी एकदा स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंय, गंमत म्हणजे जुनं सेशन चालूच होतं त्यामुळे सगळं ठीक वाटलं, बंद करून परत लॉगिन करायला गेलो आणि कर्सर नुसता लुकलुकत बसला. तेव्हापासून जुनं टर्मिनल न मिटता दुसऱ्या टर्मिनलातून लॉगिन करून बघतो, आणि इनेबल करायच्या आधी 'ॲट' कमांडने 5 मिनिटांनी 'यूएफडब्ल्यू डिसेबल' चालेल असं लावून ठेवतो, लॉगिन झालं की ते काढून टाकायचं.

वेबसाइटसाठी 80 आणि 443 सगळ्यांना उघडे ठेवावेच लागतात. डेटाबेसचे 3306, 5432 किंवा रेडिस या डेटा स्टोअरचा 6379 मात्र कधीच सगळ्यांना नाही. एकाच मशीनला द्यायचा तर 'यूएफडब्ल्यू अलाऊ फ्रॉम 203.0.113.7 टू एनी पोर्ट 5432 प्रोटो टीसीपी', आयपी तुमचा टाका. घरचा आयपी सारखा बदलत असेल तर पोर्ट उघडूच नका, एसएसएच टनेल (एसएसएचच्याच जोडणीतून त्या पोर्टपर्यंत जायची वाट) वापरा. एसएसएचला 'अलाऊ'ऐवजी 'लिमिट' दिलं तर 30 सेकंदांत 6 किंवा जास्त वेळा कनेक्ट करू पाहणाऱ्या आयपीला ते अडवतं, तेवढ्याने सगळं भागत नाही पण फुकटात मिळतंय तर घ्या.

यूएफडब्ल्यूऐवजी फायरवॉलडी हे टूल असेल तर '--परमनंट' लावून '--रीलोड' विसरू नका, नाहीतर नियम लागतच नाही. '--परमनंट' न लावता दिलेला नियम लगेच लागतो पण रीबूटला उडतो, ट्रायल घ्यायला ते उलट बरंच.

डॉकरवाल्यांनो (डॉकर म्हणजे सर्व्हिस कंटेनरमध्ये चालवायचं टूल), '-पी 5432:5432' दिलंत की डॉकर स्वतःचे नियम टाकतो आणि यूएफडब्ल्यूला विचारतही नाही, स्टेटसमध्ये पोर्ट दिसत नाही पण बाहेरून उघडा असतो. '-पी 127.0.0.1:5432:5432' असं लिहा.

शेवटी दुसऱ्या मशीनवरून 'एनसी -झेडव्ही' ने तपासा. 'रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक पॅकेट पोचलंय पण ऐकणारं कोणी नाही. टाइमआउट झाला तर मधे कुठेतरी अडलंय, क्लाउडवर असाल तर तिथली सिक्युरिटी ग्रुपची (क्लाउडच्या स्वतःच्या फायरवॉलची) सेटिंगही बघा.

नको असलेले नियम 'यूएफडब्ल्यू स्टेटस नंबर्ड' बघून काढा, पण एक काढला की पुढचे नंबर सरकतात, म्हणून दर वेळी यादी नव्याने बघा, मी असाच चुकून 443 उडवलाय.