मॉल्टला ऊन दाखवू नका

उन्हाळ्यात धान्याला ऊन दाखवायचं, ही सवय रक्तातलीच. न्यू जर्सीत येऊन घरी बिअर करायला लागलो, बार्लीच्या मॉल्टचं २५ किलोचं पोतं आणलं आणि जुलैत एकदा चादर पसरून मागच्या डेकवर वाळत घातलं. दिवेलागणीला आत घेतलं तर दाणे सादळलेले.

गव्हात साधारण १२ टक्के ओलावा असतो, ऊन तो कमी करतं. मॉल्ट मात्र मोड आणून, भट्टीत वाळवून ४-५ टक्क्यांवर आणलेला असतो. त्याची जात पापडाची. उघडा पडला की हवेतलं पाणी ओढतो. असा दाणा चक्कीत फुटत नाही, चपटा होतो, आणि त्यातली साखर नीट उतरत नाही.

परीक्षा दाताखाली. कडक वाजला तर ठीक. चिवट लागला तर सादळलाय. खात्री हवी असेल तर २० ग्रॅम दळून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर तीन तास ठेवा. वजन १.२ ग्रॅमपेक्षा जास्त घटलं, तर ओलावा ६ टक्क्यांच्या वर गेलाय. मंद आचेवर कडकपणा परत आणता येतो, गेलेला वास नाही. असा मॉल्ट लवकर संपवावा, आणि थोडा जास्तच घ्यावा.

दुसरी चूकही माहेरचीच. एका मित्राने डाळीला लावतात तसं एरंडेल चोळलं. तेलाने बिअरचा फेस बसतो. कडुलिंबाचा पाला, बोरिक पावडर, यांतलं काहीही नको. तांदूळ आपण तीन पाण्यांनी धुतो. मॉल्ट धुवायचा नसतो, वर लावलेलं सगळं बिअरमध्ये उतरतं.

मग टोके पडू नयेत म्हणून काय? फ्रीझर. हवाबंद पिशवीत, उणे १८ अंशांवर आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर थंड दाण्यांवर दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात. जाळी धरली किंवा कुबट वास आला तर फेकून द्या. बुरशीचं विष उकळून जात नाही.

एरवी रबरी कडा असलेल्या झाकणाची बादली पुरे. ती तळघरात ठेवणार असाल तर जमिनीला टेकवू नका, खाली फळी घाला. (इथे घरापुरती बिअर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने करमुक्त झाली. महाराष्ट्रात विनापरवाना केलीत तर गुन्हा, तेव्हा हे तिथल्या भावंडांना फक्त वाचायला.)

दुकानातून दळून आणायचा मोहही टाळा. अख्खा दाणा नीट ठेवला तर वर्षभर टिकतो, भरडलेला दोन-तीन आठवड्यांत संपवावा. आणि भरडताना आंबवणीचं भांडं त्या खोलीत नको. मॉल्टच्या भुकटीत आंबट करणारे जिवाणू असतात; माझी एक अख्खी बादली ताकाच्या वळणावर गेली होती.