मोठ्या पिस्टनसाठी मोटरसायकलचा सिलिंडर बोअर करताना

पिस्टन हातात येईपर्यंत सिलिंडर लेथवाल्याकडे नेऊ नये. आधी बोअर करून, म्हणजे आतून कापून रुंद करून, घ्यायचा आणि मग त्यात बसेल असा पिस्टन शोधायचा, या उलट्या क्रमामुळे अनेक इंजिने जाम होतात. खोक्यावर ०.५० ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा ०.५० मिमी मोठा) असे छापलेले असले, तरी सिलिंडरचे अंतिम माप हे प्रत्यक्ष मोजलेल्या पिस्टनवरूनच ठरले पाहिजे.

त्याआधी सिलिंडर बोअर करण्याजोगा आहे का, हे पाहावे. ओतीव लोखंडाची स्लीव्ह (आत बसवलेली नळी) असलेला सिलिंडर बोअर करता येतो; मात्र ॲल्युमिनियमवर निकासिलसारखा कठीण मुलामा दिलेला असेल, तर बोअर करताना तो पातळ थरच निघून जातो आणि पुन्हा मुलामा देणे किंवा नवी स्लीव्ह बसवणे एवढेच पर्याय उरतात. चुंबक आतल्या भिंतीला चिकटला, तर ती लोखंडाची आहे एवढे कळते.

नंतर डायल बोअर गेजने (आतला व्यास मोजण्याच्या उपकरणाने) सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, क्रँकशाफ्टच्या दिशेत आणि तिच्या काटकोनात मोजावा. झीज बहुधा पिस्टनची वरची रिंग (कडे) जिथे घासते त्या पट्ट्यात सर्वाधिक आढळते. ओव्हरसाइझ पिस्टन साधारणपणे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा पायऱ्यांनी मिळतात. झीज व ओरखडे पूर्णपणे निघतील अशी त्यांतली सर्वांत लहान पायरी निवडावी. एकदम मोठी उडी घेण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु ५७ मिमीचा बोअर (आतला व्यास) ५८ केल्यावर इंजिनची क्षमता जेमतेम साडेतीन टक्के वाढते. त्या बदल्यात स्लीव्हची भिंत पातळ होते आणि पुढच्या दुरुस्तीसाठी धातू उरत नाही, त्यामुळे हा सौदा मला तरी पटत नाही. शिवाय हेड गॅस्केटचे (सिलिंडर आणि त्यावरचे हेड यांमधल्या सीलचे) भोक नव्या बोअरपेक्षा मोठे आहे का, हेही तपासावे. गॅस्केटची कड आत डोकावली तर ती तापून जळते.

पिस्टन मायक्रोमीटरने मोजताना तो गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, स्कर्टवर (रिंगांखालच्या भागावर), निर्मात्याने सांगितलेल्या उंचीवर मोजावा, कारण पिस्टन मुद्दाम किंचित लंबगोल आणि वर निमुळता केलेला असतो. या मापात निर्मात्याने दिलेला क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंत यांमधली मोकळी जागा) मिळवला की बोअरचे माप मिळते. समजा पिस्टन ५७.४६ मिमी भरला आणि क्लिअरन्स ०.०४ मिमी सांगितला आहे. मग अंतिम बोअर ५७.५० मिमी हवा. तो ५७.४५ मिमीपर्यंतच बोअर करून उरलेले ०.०५ मिमी होनिंगसाठी, म्हणजे बारीक दगडांनी भिंत घासून अंतिम मापाला आणण्यासाठी, राखावेत. ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावत असल्याने, क्लिअरन्स कमी पडला तर गरम इंजिनात पिस्टन भिंतीला धरतो. फोर्ज्ड (घडीव) पिस्टनला तर बहुधा ओतीव पिस्टनपेक्षा जास्त क्लिअरन्स लागतो. माप घेताना पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही एकाच तापमानाला असावेत. नुकताच बोअर केलेला, हाताला कोमट लागणारा सिलिंडर खोटे माप देतो.

होनिंगमध्ये एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा उमटल्या पाहिजेत, कारण तेल त्यांच्यातच टिकते. टू-स्ट्रोक सिलिंडरमध्ये प्रत्येक पोर्टची (भिंतीतल्या वायूच्या भोकाची) धारदार कड हलकीशी घासून बोथट करणे अनिवार्य आहे, अन्यथा रिंग तिथे अडकून तुटते.

धुण्याच्या कामात मात्र घाई केली जाते. रॉकेलने किंवा पेट्रोलने तेल निघते, पण होनिंगच्या दगडाचे बारीक कण रेषांमध्ये रुतलेलेच राहतात आणि नव्या रिंगा खाऊन टाकतात. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश घेऊन सिलिंडर पुन्हा पुन्हा घासावा. मग तेल लावलेले पांढरे फडके आतून फिरवावे, आणि ते करडे निघेनासे होईपर्यंत हे थांबवू नये. गंज लगेच धरतो, म्हणून सिलिंडर कोरडा होताच भिंतीवर तेल चोळावे.

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक रिंग सिलिंडरमध्ये ठेवून, पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलून, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तिच्या टोकांमधील फट मोजावी. निर्मात्याचा आकडा हाती नसेल, तर साध्या वापराच्या इंजिनात वरच्या रिंगसाठी बोअरच्या प्रत्येक मिलिमीटरला ०.००४ मिमी, म्हणजे ५७.५० मिमीला सुमारे ०.२३ मिमी, हा रूढ हिशेब धरतात. फट कमी भरली तर टोक एकाच दिशेने कानशीने घासावे. जोडणीत पिस्टनवरचा बाण सांगितलेल्या दिशेला ठेवावा आणि गजन पिनचे सर्क्लिप (पिन जागी धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) नवेच वापरावेत, कारण निसटलेला सर्क्लिप सिलिंडरच्या भिंतीत खोल चर पाडतो.

सुरुवातीच्या काही शे किलोमीटरांत गाडी एकाच वेगाने दामटू नये आणि इंजिनवर फार ताणही देऊ नये. वेग कमीजास्त करत राहिल्याने रिंगा भिंतीवर नीट बसतात. पहिले तेल नेहमीपेक्षा लवकर बदलावे. काढलेले तेल उजेडात धरून पाहावे: बारीक करडी चमक अपेक्षित असते, पण बोटाला टोचणारे धातूचे तुकडे आढळले तर इंजिन पुन्हा सुरू न करता हेड उघडावे.